माळ्यावरचा मुद्देमाल

दसरा उलटला की हल्ली फराळाच्या आधी उपदेशाचा घाणा निघतो. घर कसं आवरावं, काय टाकावं, किती टाकावं आणि टाकल्यावर किती हलकं वाटतं! वर्तमानपत्रांच्या पुरवण्या, मोबाइलवरची रील्स आणि तासावर पैसे घेऊन लोकांची कपाटं लावून देणारे व्यावसायिक, सगळ्यांचा सूर एक. पूर्वी दिवाळीची सफाई म्हणजे माळा उतरवायचा, जळमटं काढायची, पितळेची भांडी चिंचेनं घासायची आणि माळा पुन्हा लावायचा. आता माळा उतरवायचा तो पुन्हा न लावण्यासाठी.

या पंथाचं म्हणणं एका दमात सांगता येतं. बारा महिन्यांत हात लागला नाही ती वस्तू बाहेर. हातात घेतली आणि आनंद झाला नाही, बाहेर. एकच काम करते, बाहेर. पुन्हा लागलीच तर दहा मिनिटांत दारात येते, मग जपायची कशाला? आठवणींचं म्हणाल तर त्या मनात असतात, भांड्यात नसतात. हवा तर फोटो काढा आणि भांडं देऊन टाका. घर रिकामं झालं की मन रिकामं होतं, आणि रिकाम्या मनाला म्हणे शांती लाभते. रिकाम्या मनाबद्दल आपल्याकडे वेगळंच म्हणतात, पण ते असो.

पुरावा म्हणून जो मुद्देमाल हजर केला जातो तो ठरलेला. मोदकपात्र, पितळी सोऱ्या, पुरणयंत्र, नावं घातलेली पातेली, जुन्या सुती साड्यांचं गाठोडं, धुऊन ठेवलेल्या काचेच्या बरण्या. आरोपीही ठरलेली: आई, सासू नाहीतर आजी. पसाऱ्यावरच्या एवढ्या रील्समध्ये बाबांच्या खणातले मेलेले चार्जर, कधीच विकून टाकलेल्या फोनचं जपून ठेवलेलं खोकं आणि ज्यावर फक्त टॉवेल वाळतात ते ट्रेडमिल क्वचितच दिसतं. पसारा म्हणजे स्वयंपाकघर आणि स्वयंपाकघर म्हणजे बाईचा हव्यास, हे कुणी उघड म्हणत नाही. म्हणायची गरजच पडत नाही, इतकं ते गृहीत धरलेलं असतं.

आधी तो बारा महिन्यांचा नियम. शर्टाला तो लागू पडेल. वर्षभर घातला नाही तो शर्ट बहुधा पुढेही घातला जाणार नाही. पण मराठी घरातल्या कितीतरी अवजारांना वार माहीत नसतो, तिथी माहीत असते. सोऱ्याच घ्या. पितळेचं नळकांडं, वर दाबायचा दांडा किंवा फिरकी, तळाशी बसवायच्या चकत्या. एक चांदणीच्या आकाराची, चकलीसाठी. दोन-तीन गोल भोकांच्या, जाड आणि बारीक शेवेसाठी. एक चपट्या फटीची. चकलीला काटा येतो तो त्या चांदणीच्या टोकांमुळे. टोकं झिजली की चकली गुळगुळीत निघते आणि घरातलं म्हातारं माणूस ती हातात धरून नुसतं बघतं, बोलत काही नाही. हाच सोऱ्या चैत्र-वैशाखात कुरडयांना लागतो. भिजवून वाटलेल्या गव्हाचा चीक शिजवायचा आणि गरम असतानाच दाबायचा, कारण निवला की तो चकतीतून उतरत नाही. एकानं हात भाजत भरायचं, दुसऱ्यानं दाबायचं, तिसऱ्यानं गच्चीवरचा कागद सरकवायचा आणि चौथ्यानं, म्हणजे घरातल्या सर्वांत लहान माणसानं, उरलेला चीक तूप घालून खायचा. उन्हाळ्यात कुरडया, दिवाळीत चकली-शेव. म्हणजे पंथाच्याच नियमानं सोऱ्या निर्दोष सुटतो! तरी तो भंगारात जातो, कारण रील एका दुपारी बनतं आणि त्या दुपारी सोऱ्या बिचारा माळ्यावर निवांत पडलेला असतो.

‘एकच काम करणारी वस्तू’ हा आरोपही तपासून न घेता केलेला. मोदकपात्रात वर्षातून एकदा उकडीचे मोदक होतात हे खरं, पण त्याच भांड्यात अळूवडीचे उंडे उकडतात, कोथिंबीरवडी उकडते, श्रावणात पातोळ्या होतात आणि दात नसलेल्या आजोबांसाठी रताळी वाफवली जातात. वर्षातून एकदाच लागणारी वस्तू टाकायची तर मग घरातला राष्ट्रध्वज, प्राप्तिकराच्या कागदांची फाइल आणि लग्नाचा वाढदिवस या सगळ्यांचंच काय करायचं?

काही वस्तू मात्र वर्षावर्षात हात लावायची वेळ न आलेल्या असतात, हे कबूल. वरवंटा त्यांतला. वाटणघाटण मिक्सरवर गेलं, पाटा केव्हाच बाहेर निघाला, पण वरवंटा मागे राहिला. का? कारण बारशाला तो लागतो. त्याला टोपडं घालून पाळण्याच्या खालून-वरून द्यायचा असतो. सोसायटीत बारसं निघालं की चार मजले चढउतार करून ‘तुमच्याकडे वरवंटा आहे का हो काकू?’ अशी विचारपूस होते आणि ज्या काकूंकडे तो सापडतो त्यांना त्या दिवशी मुलाच्या आत्याइतका मान मिळतो. दहा मिनिटांत घरपोच येणाऱ्या यादीत टूथपेस्ट आहे, आइस्क्रीम आहे. टोपडं घातलेला काकूंचा वरवंटा नाही. शिवाय तो परत करायला जावं लागतं, आणि परत करायला गेलेल्या माणसाच्या हातात रिकामं भांडं द्यायची रीत नाही. एका दगडापायी दोन घरांत सुंठवडा पोचतो. याचा हिशेब कोणत्या खात्यात लिहायचा?

इथे एक टोला हमखास येतो: मग काय, पुन्हा जात्यावर बसवायचं का बायकांना? प्रश्न विचारणाऱ्याला वाटतं आपण कोंडीत पकडलं. खरं तर याच प्रश्नात त्याचा सगळा पक्ष कोसळतो. जातं, उखळ-मुसळ, पाटा, कोळशाची शेगडी, रॉकेलचा स्टोव्ह, न्हाणीघरातला तांब्याचा बंब, हे सगळं एका-दोन पिढ्यांत घराबाहेर गेलं. कुणी काढलं? कोणत्या सल्लागारानं? त्याच आईनं, सासूनं, आजीनं. १९६३ मध्ये मुंबईत सुमीत मिक्सर निघाला त्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. सीमेन्समधले अभियंते सत्यप्रकाश माथुर यांच्या पत्नी माधुरी यांच्याकडचा जर्मन ब्रॉनचा मिक्सर बिघडला, इथे तो दुरुस्त होईना, आणि तसाही तो आपल्या मसाल्यांना आणि भिजवलेल्या डाळींना पुरा पडत नव्हता. त्यातून आपल्या वाटणाला झेपेल अशा मोटरचा देशी मिक्सर जन्मला. तो घरोघरी पोचल्यावर पाट्याला कवटाळून कोण रडत बसलं? टाकी लावायला येणाऱ्या बाईची हाक गल्लीतून बंद झाली ती उगीच नाही. गृहिणीनं जे कष्टाचं होतं ते निर्दयपणे काढून टाकलं, जे उपयोगाचं होतं ते ठेवलं. तेव्हा माळ्यावर जे उरलं आहे ते पन्नास वर्षांच्या चाळणीतून उरलेलं आहे. नव्या आवरणाऱ्याची पहिली चूक ही की तिथे निवड झालीच नाही असं त्याला वाटतं. आपण येईपर्यंत या घरात कुणी विचारच केला नव्हता, असा त्याचा समज असतो.

निवड होत होती, आणि ती किती कठोर होती हे बोहारणीला विचारावं. डोक्यावर भांड्यांची टोपली, खांद्यावर कपड्यांचं गाठोडं, आणि दुपारची जेवणं उरकल्यावरची ती विशिष्ट हाक. मग दाराच्या उंबऱ्यावर अर्धा तास वाटाघाटी. तीन साड्या, एक पॅंट, गुडघ्याला विरलेली असल्यामुळे धरायची की नाही यावर वाद. बोहारीण एक वाटी पुढे करते. बाई झाकणाच्या डब्याकडे बोट दाखवते. बोहारीण उठून निघून जाते, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून परत येते. शेवटी मधल्या आकाराचं पातेलं, वर एक चमचा, असा तह होतो. गेलेले कपडे दुरुस्त होऊन, धुऊन जुन्या बाजारात विकले जात आणि कुणाच्या तरी अंगावर आणखी काही वर्षं काढत. रद्दी किलोवर जात होती, बाटल्या नगावर, फुटकं पितळ मोडीत. या घरांना आज उठून ‘साठवणुकीचा रोग’ लावायचा म्हणजे कमाल आहे.

बोहारणीला मात्र मऊ झालेली सुती साडी मिळत नसे. ती गोधडीसाठी राखून ठेवलेली असे. वर-खाली चांगली साडी, मध्ये विरलेली धोतरं आणि चिटाचे तुकडे, आणि कडेपासून आत चौकोनाचौकोनानं जाणारा धावदोरा. शेकडो धुण्यांनी सूत इतकं मऊ झालेलं असतं की तान्ह्या बाळाच्या अंगाला नवं कापड लावण्यापेक्षा जुन्या लुगड्याचं दुपटं लावावं, हे कोणत्याही बाळंतिणीची आई सांगेल. ‘जुन्या साड्यांचं गाठोडं’ या नावाखाली आज जे बाहेर काढायला सांगतात ते पुढच्या बाळाचं अंथरूण असतं. आणि गंमत अशी की तीच गोधडी एखाद्या दुकानात हातशिलाईची, पर्यावरणस्नेही वगैरे चिठ्ठी लावून टांगली की हेच लोक तिच्यासाठी भरभक्कम पैसे मोजून येतात.

पर्यावरणाचा विषय निघालाच आहे. महाराष्ट्र सरकारनं २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली. दुधाच्या पिशव्यांवर बंदी घालणं शक्य नव्हतं, म्हणून त्या जाड असाव्यात आणि परत घेण्यासाठी प्रत्येकीमागे ५० पैसे ठेवावेत, अशी कलमं आली. सरकारला जे अधिसूचना काढून सुचलं ते नळाखाली दुधाची पिशवी उलटी करून धुणारी आणि खिडकीच्या गजाला चिमट्यानं अडकवणारी बाई त्याच्या कितीतरी वर्षं आधी करत होती, आणि तिच्या त्या वाळत घातलेल्या पिशव्यांची घरातल्या शिकल्यासवरल्यांनी थट्टाच केली.

आता जागेचा मुद्दा, कारण सगळं बोलून झालं की शेवटी तोच येतो. ‘पूर्वीचे वाडे राहिले नाहीत, फ्लॅटमध्ये जागा कुठाय?’ पूर्वी सगळे वाड्यांत राहत होते हे कुणी सांगितलं? मुंबईतल्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकातल्या. खोली १६० चौरस फुटांची. त्या एका खोलीत आईबाप, पोरं, गावाहून आलेला पुतण्या, शिवाय गणपतीचं मखर, लोणच्याच्या बरण्या आणि पाहुण्यांच्या गाद्या, हे सगळं मावत होतं. पुनर्विकासात त्याच कुटुंबांना ५०० चौरस फुटांची घरं मिळणार असं ठरलं. तिप्पट जागा झाल्यावर सोऱ्या ठेवायला जागा उरत नसेल, तर ती कशानं खाल्ली याची चौकशी दुसरीकडे करायला हवी.

ती चौकशी झालेली आहे, पण आपल्याकडे नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतल्या संशोधकांनी २००० नंतरच्या काही वर्षांत तिथल्या ३२ मध्यमवर्गीय घरांचा बारकाईनं अभ्यास केला. घरातली वस्तू न् वस्तू टिपली. त्यावरचं पुस्तक २०१२ मध्ये आलं. त्यात दिसलं ते असं: चारपैकी तीन गॅरेजांत गाडी लावायला जागा नाही, कारण ती सामानानं भरलेली, मुलांच्या खोल्या खेळण्यांनी ओसंडलेल्या, घाऊक खरेदीचे ढीग, उघडायचीही सवड न मिळालेले. घर आवरण्याची चळवळ फोफावली ती या रोगावरचं औषध म्हणून. औषध खोटं आहे असं कुणी म्हणत नाही. पण दोन मोटारींचं गॅरेज भरून वाहणाऱ्या रोग्याचं औषध डोंबिवलीच्या वन रूम किचनमधल्या माळ्याला पाजायचं, ही कोणती वैद्यकी?

त्याच अभ्यासाचा आणखी एक निष्कर्ष आवरापंथी लोक मोठ्या उत्साहानं सांगतात: पसाऱ्यानं ताण वाढतो. डार्बी सॅक्सबी आणि रेना रेपेटी या दोघींचा २०१० मधला शोधनिबंध त्याला आधार म्हणून दिला जातो. दोघंही नोकरी करणारी जोडपी त्यांनी अभ्यासली. आपल्याच घराचं वर्णन पसारा, अर्धवट कामं अशा शब्दांत करणाऱ्या बायकांमध्ये कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाची दिवसभरातली चढउतार बिघडलेली आढळली. इथपर्यंत सगळे सांगतात. पुढचं सांगत नाहीत. नवऱ्यांमध्ये तसा संबंध आढळला नाही. घर तेच, ढीग तेच, कपाटं तीच, आणि ताण फक्त एकाला! मग ताण ढिगाचा, की तो ढीग उपसणं आपल्याच माथी आहे या जाणिवेचा? दुसरं उत्तर खरं असेल तर उपाय अगदी स्वस्त आहे. त्याला सल्लागार लागत नाही, वेताच्या टोपल्या लागत नाहीत, लेबलं लागत नाहीत. नवऱ्यानं रविवारी सकाळी उठून माळा उतरवावा, पुसावा आणि पुन्हा लावावा. पण या उपायाचं रील कुणी बनवलेलं अद्याप पाहण्यात नाही.

आनंदाची कसोटी तेवढी राहिली. ती मारी कोंडो या जपानी लेखिकेची. त्यांचं पुस्तक २०१४ मध्ये इंग्रजीत आलं, १ जानेवारी २०१९ पासून नेटफ्लिक्सवर मालिका आली आणि जगभर माणसं आपले मोजे छातीशी धरून आनंद होतो का ते तपासू लागली. कोंडोबाईंबद्दल एक सांगायला हवं: टाकायच्या वस्तूचे आभार मानून ती टाका, एवढी अदब त्यांच्याकडे आहे. त्यांच्या इथल्या चेल्यांकडे तीही नाही. आपल्याकडे तर खंडेनवमीला विळी, कात्री, शिलाई मशीन यांना धुऊन-पुसून हळदकुंकू लावतात, झेंडू वाहतात. तेही टाकण्यासाठी नाही, पुन्हा वर्षभर राबवण्यासाठी. असो. त्याच २०१९ च्या नोव्हेंबरात कोंडोबाईंच्या कंपनीनं वस्तू विकायला काढल्या. त्यांत गुलाबी स्फटिकासह एक नादकाटा होता, किंमत ७५ डॉलर. आधी घर रिकामं करा, मग रिकाम्या घरात नादकाटा वाजवा. आणि २०२३ च्या जानेवारीत, तिसऱ्या मुलानंतर, आवरण्याचा हट्ट आपण बराचसा सोडला आहे, असं त्यांनी स्वतःच सांगून टाकलं. बाईंचा प्रामाणिकपणा वाखाणण्याजोगा आहे. फक्त त्यांच्या सांगण्यावरून ज्यांनी सासूबाईंचं पुरणयंत्र भंगारात घातलं त्यांनी आता काय करायचं?

मुळात कसोटीच चुकीची. सांडशी हातात घेऊन आजवर कुणाचं मन मोहरलं आहे? सांडशी सुंदर नसते. तिचा एक पाय बहुधा वाकडा असतो. पण उतू जाणाऱ्या दुधाचं पातेलं गॅसवरून उचलायच्या क्षणी ती ओट्यावर जागच्या जागी सापडली तर जो सुटकेचा श्वास बाहेर पडतो तो आनंद नाही तर काय? घरगुती वस्तूंचा आनंद हा वापरातला आनंद आहे. ती वस्तू जमिनीवर मांडून, तिच्याकडे टक लावून बघून तो कळायचा नाही.

फोडणीच्या डब्याकडे जरा नीट पाहावं. गोल डबा, आत सात वाट्या, मध्ये एक भोवती सहा, बाहेर एकच झाकण. मोहरी, जिरं, हळद, तिखट, हिंग, मेथ्या, आणि सातव्या वाटीत त्या घराचा जो हट्ट असेल तो. तेल तापलं की मोहरी तडतडायला लागते. त्यानंतर हिंग, हळद, कढीलिंब यांना मिळतात मोजून काही सेकंद. उशीर झाला की हळद करपते, मोहरी कडवट होते आणि आमटीला जळका वास येतो. त्या सेकंदांत सात बरण्यांची सात झाकणं कोण उघडणार? म्हणून सगळं एका झाकणाखाली, उघडं, हाताच्या अंतरावर, आणि वाट्यांचा क्रम वर्षानुवर्षं न बदललेला, इतका की वीज गेली तरी हात बरोबर हिंगावर जातो. या डब्याला कुणा एका कारागिराचं नाव नाही. आता ‘लावलेल्या’ स्वयंपाकघरांत तो दिसत नाही. त्याऐवजी चुंबकानं भिंतीला चिकटणाऱ्या एकसारख्या बाटल्या असतात, प्रत्येकीवर वळणदार अक्षरांत नाव. दिसायला देखण्या. त्यांतून फोडणी करून दाखवावी एकदा.

टिकाऊपणाचंही असंच. प्रेशर कुकर चांगला वापरला तर तीस वर्षं सहज जातो, कारण त्यात झिजणारे भाग वेगळे आणि बदलता येणारे केलेले आहेत: रबरी गास्केट, शिटी, सुरक्षेचा व्हॉल्व्ह. आतल्या दाबामुळे पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापतं म्हणून डाळ झटपट शिजते. तत्त्व डेनिस पापिनचं, १६७९ मधलं. आपल्याकडे हॉकिन्स आणि प्रेस्टिज हे दोन्ही कुकर १९५९ च्या सुमाराचे. तेव्हापासून गल्लीच्या तोंडाशी कुकर दुरुस्त करणारा बसतो तो याच रचनेच्या जोरावर. पितळी पातेल्याची कल्हई गेली की आंबट पदार्थ कळकतो. तेव्हा भांडं टाकत नसत, कल्हईवाला ते भट्टीवर तापवून, नवसागर टाकून, कथलाचा हात फिरवून पुन्हा नवं करून देई. जुन्या वस्तू जपणाऱ्यांवर हसायचं आणि वर ‘पृथ्वी वाचवा’ म्हणायचं, या दोन गोष्टी एका तोंडानं कशा बोलता येतात?

आता शेवटचा आणि सर्वांत गोडगोड बोलून केलेला आरोप: आठवणी वस्तूंत नसतात. हे वाक्य इतकं उदात्त वाटतं की कुणी उलट प्रश्न विचारत नाही. मिहाय चिक्सेंटमिहाय आणि युजीन रॉचबर्ग-हॉल्टन या संशोधकांनी शिकागो परिसरातल्या ८२ कुटुंबांतल्या ३१५ माणसांना विचारलं होतं, तुमच्या घरातल्या खास वस्तू कोणत्या आणि त्या का खास? १९८१ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. लोकांनी दिलेली कारणं किमतीपेक्षा आणि सोयीपेक्षा माणसांशी जोडलेली निघाली: ही कुणी दिली, तेव्हा काय घडलं, तिच्याकडे बघून कोण आठवतं. अमेरिकेतल्या माणसांनी हे सांगितलं, म्हणून तरी आपल्याकडे ते खपावं.

आपल्याकडे तर आठवण वस्तूवर सरळ कोरून ठेवतात. भांड्यांच्या दुकानात पातेलं घेतलं की दुकानदार विचारतो, ‘नाव काय घालायचं?’ आणि कर्र कर्र आवाज करत सुई ठिपक्याठिपक्यानं मजकूर उमटवते. कुणाकडून, कुणास, कशानिमित्त, कोणत्या तारखेला. डोहाळजेवण, मुंज, वास्तुशांत, मंगळागौर. कित्येक घरांत पणजीचं नाव सातबाऱ्यावर नाही, घराच्या कागदावर नाही, रेशनकार्डावर असलं तर कुणाची तरी बायको म्हणून. पण एका खोलगट तपेल्याच्या काठावर ते तारखेसकट आहे. महाराष्ट्र सरकारच्या कागदपत्रांत मुलाच्या नावापुढे आईचं नाव लावणं सक्तीचं झालं ते १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी. भांड्यांच्या बाजारानं बाईच्या नावाची नोंद त्याच्या कितीतरी आधी सुरू केली होती. हे दप्तर फोटो काढून मोडीत घाला म्हणणाऱ्यांना दप्तर या वस्तूचं काही सोयरसुतक आहे का?

पुण्यात नातूबागेजवळ याचं उत्तर तीन मजल्यांत मांडून ठेवलेलं आहे. अज्ञातवासी या नावानं कविता लिहिणारे दिनकर केळकर यांनी १९२० च्या सुमारास जुन्या घरांतल्या वस्तू गोळा करायला सुरुवात केली. घरचा धंदा चष्म्यांचा. मुलगा राजा लहानपणीच गेला. त्याच्या नावानं संग्रहालय उभं राहिलं आणि पुढे ते सरकारला देऊन टाकलं. वीस हजारांहून जास्त वस्तू. अडकित्ते, वज्र्या, फण्या, करंडे, दिवे, दौती, विळ्या. राजामहाराजांची थोडी शस्त्रं असतील, पण तिथलं वैभव आहे ते घरगुती सामानाचं: टाच घासायच्या वज्रीवर कुणी मोर का बसवला असेल, सुपारी कातरायच्या अडकित्त्याला घोड्याचं तोंड का दिलं असेल, याचं. वाडे मोडत होते, माणसं हे सगळं अडगळ म्हणून काढत होती, तेव्हा हे गृहस्थ दारोदार फिरून ते विकत घेत होते. तेव्हाचे शहाणे त्यांनाही हसलेच असणार. आज तिकीट काढून, रांग लावून, मुलांना घेऊन आवरापंथी कुटुंबंसुद्धा तिथे जातात, काचेवर नाक टेकवून ‘किती सुंदर!’ म्हणतात आणि घरी येऊन आजीचा अडकित्ता भंगारवाल्याला देतात.

खरा पसारा घरात असतो, आणि तो काढायलाच हवा. पण तो कोणता ते एकदा बघावं. हॉटेलातून येणाऱ्या जेवणाचे काळे प्लॅस्टिकचे डबे, झाकणं एकाचीही न बसणारी. ऑनलाइन खरेदीची खोकी आणि त्यांतले हवा भरलेले फुगे. कार्यक्रमांत मिळालेली स्मृतिचिन्हं, ॲक्रिलिकची. एकावर एक फुकट आलेले मग. दोनदा धुतल्यावर बेढब झालेले स्वस्त कपडे, ज्यांना बोहारीणही हात लावायची नाही. यांतली एकही वस्तू आजीनं आणलेली नाही. ‘लागेल तेव्हा मागवू, नको झालं की टाकू’ या ज्या वृत्तीची भलामण आवरापंथी करतात, तिनंच हा ढीग घरात आणला आणि नाव मात्र माळ्याचं घेतलं.

तेव्हा यंदा दिवाळीला माळा उतरवायचाच असेल तर जरूर उतरवावा. उतरवणाऱ्यानं आधी तो ज्या बाईनं लावला तिला खुर्ची देऊन समोर बसवावं आणि एकेक वस्तू उचलून विचारावं: ही कशाची, कधी लागते, शेवटची कुणी नेली होती? तिनं टाक म्हटलं तर टाकावी. ती फार वस्तू टाक म्हणेल, तिच्याइतकं निष्ठुर त्या घरात दुसरं कुणी नाही. तिनं ठेव म्हटलं तर पुसून ठेवावी आणि कारण विचारू नये. त्यानंतर उरलेली दुपार बाबांच्या खणाला द्यावी, चार्जर मोजावेत, ट्रेडमिलवरचे टॉवेल काढावेत. सोऱ्या तेवढा खालीच राहू द्यावा. भाजणी दळून आलेली आहे.